एका संगणकात दहा संगणक

"आमच्याकडे संगणक चार आणि शिकणारी पोरं वीस. प्रत्येकाला स्वतःचा वेगळा संगणक कसा द्यायचा?" तालुक्याच्या आणि गावच्या पातळीवर संगणक शिकवणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो. उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न येतो: "मग वीस वेळा तेच इन्स्टॉलेशन मी एकट्याने करत बसू का?" या प्रकरणात दोन्ही प्रश्नांची उत्तरं क्रमाने पाहू.

उदाहरणासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी घेऊ. कापूस आणि सोयाबीन पिकवणारं हे गाव. इथल्यासारख्या गावांतली पोरं दहावी-बारावीनंतर एमएस-सीआयटी करतात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, २००१ साली सुरू केलेला हा अभ्यासक्रम. त्यातली काही पुढे पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात, जे १९८३पासून चालू आहे. या दोन पायऱ्यांमध्ये एक मोठी उडी आहे. एमएस-सीआयटीत संगणक वापरायला शिकवतात. पुढे तो उभा करायला, जोडायला, बिघडला तर दुरुस्त करायला शिकावं लागतं. ती उडी सोपी करणारा एक वर्ग फुलसावंगीत आहे, असं समजू. खोलीत चार संगणक, प्रत्येकात ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी. विद्यार्थी वीस, तुकड्या पाच. म्हणजे एका संगणकावर दिवसभरात पाच जण बसणार.

शिकायचं आहे लिनक्स आणि नेटवर्क. त्यासाठी प्रत्येकाला दोन संगणक लागतात: एक माहिती पुरवणारा सर्व्हर आणि दुसरा ती मागणारा. पाच विद्यार्थ्यांचे मिळून दहा. हे दहा संगणक टेबलावरच्या त्या एकाच डब्यात बसवायचे आहेत.

१. संगणकाच्या पोटातला संगणक

संगणक म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि नेटवर्कचं कार्ड. या सगळ्याचं सोंग आणणारा प्रोग्रॅम असतो, त्याला हायपरवायझर म्हणतात. तो खऱ्या संगणकावर चालतो आणि आत एक खोटा संगणक उभा करतो. आतल्या लिनक्सला वाटतं की आपण खऱ्या यंत्रावर चालतोय. या आतल्या संगणकाला आभासी संगणक किंवा सरळ व्हीएम म्हणतात. त्याची डिस्क म्हणजे आपल्या खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं प्रकरण समजेल: आभासी संगणकाची डिस्क ही एक फाइल असते.

ही कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज इथल्या केंद्रात एका महागड्या मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक करून ते वेगवेगळ्या लोकांना वापरायला देण्याचं तंत्र तयार झालं. १९७२ साली आयबीएमने ते व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांसाठी आणलं. तेव्हाचा प्रश्नही फुलसावंगीच्या वर्गासारखाच होता: यंत्रं कमी, माणसं जास्त.

आपल्या टेबलावरच्या संगणकांपर्यंत हे यायला बराच काळ गेला. त्यांचे प्रोसेसर या कामासाठी बनवलेलेच नव्हते. १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने सॉफ्टवेअरच्या युक्त्यांनी ही अडचण सोडवली आणि १९९९मध्ये पहिलं उत्पादन विकायला काढलं. पुढे इंटेलने २००५मध्ये आणि एएमडीने २००६मध्ये प्रोसेसरमध्येच ही सोय दिली. २००७मध्ये केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला आणि त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्सही सर्वांसाठी खुला झाला. त्यामुळे हे काम फुकटात करणं सोपं झालं. व्हीएमवेअर आणि केव्हीएमवर काम करणारी रेड हॅट, या दोन्ही कंपन्यांनी पुण्यात अभियंत्यांची केंद्रं उभारली. त्यामुळे या विषयात महाराष्ट्रातल्या पोरांना नोकरीही मिळू शकते.

एक व्यावहारिक सूचना इथेच देतो. जुन्या संगणकात व्हीएम सुरूच होत नसेल, तर यंत्र चालू होताना बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का, ते बघा. बऱ्याचदा ती बंद असते.

२. पूर्ण प्रत: सोपी, पण जड

वर्गाच्या सरांनी एक व्हीएम नीट तयार केली. लिनक्स टाकलं, मराठी टाइप करण्याची सोय केली, लागणारे प्रोग्रॅम घातले. या मूळ यंत्राला आपण 'पाया' म्हणू. त्याच्या डिस्कची फाइल भरली २० जीबी.

आता दहा व्हीएम हव्या आहेत. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ही फाइल दहा वेळा कॉपी करणं. अशा प्रतीला फुल क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत म्हणतात. हिशोब करून पाहू.

दहा प्रती गुणिले २० जीबी म्हणजे २०० जीबी. पायाचे २० मिळवले की २२० जीबी. २५६ जीबीची म्हणून विकत घेतलेली एसएसडी विंडोज दाखवतं साधारण २३८ जीबी. त्यात विंडोज आणि इतर सामान ४० जीबी धरलं तर उरले १९८. आपल्याला हवेत २२०. बसत नाही.

वेळही जातो. जुनी हार्ड डिस्क असेल आणि एकाच डिस्कवर वाचणं-लिहिणं चालू असेल, तर सेकंदाला ५० एमबी हा वेग वाईट नाही. त्या वेगाने एका प्रतीला ४०० सेकंद, दहा प्रतींना ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून जास्त.

आणि गंमत अशी की या दहाही फायलींमध्ये जवळजवळ सगळं तेच ते आहे. तेच लिनक्स, तेच प्रोग्रॅम, तेच फाँट. विद्यार्थी त्यातलं फार थोडं बदलणार. मग जे बदलणारच नाही, ते दहा वेळा का साठवायचं?

३. नकाशावरचा ट्रेसिंग पेपर

तलाठ्याकडचा गावनकाशा डोळ्यांसमोर आणा. दहा जणांना त्यावर आपापल्या योजना आखून बघायच्या आहेत: कुणाला विहीर दाखवायची आहे, कुणाला पाणंद रस्ता. मूळ नकाशावर कुणालाच पेन लावू देणार नाही. दहा नवे नकाशे काढणंही परवडणारं नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येकाला एक ट्रेसिंग पेपर द्यायचा. तो नकाशावर ठेवला की खालचं सगळं दिसतं. जिथे बदल करायचा, तेवढाच कागदावर काढायचा. दहा कागद, एकच नकाशा.

लिंक्ड क्लोन, म्हणजे जोडलेली प्रत, ती हीच. प्रत्येक विद्यार्थ्याच्या व्हीएमला एक छोटी, सुरुवातीला जवळजवळ रिकामी फाइल मिळते. त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं की माझा पाया अमुक ठिकाणी आहे. व्हीएमने डिस्कवरून काही वाचायला मागितलं की हायपरवायझर आधी छोटी फाइल बघतो. तिथे असेल तर तिथून देतो, नसेल तर पायातून देतो. लिहायचं मात्र नेहमी छोट्या फाइलमध्येच. पायाला कुणी हात लावत नाही.

यात एक बारकावा आहे. डिस्क ही ठरावीक आकाराच्या चौकोनांमध्ये विभागलेली असते. समजा, विद्यार्थ्याने अशा एका चौकोनातलं एकच अक्षर बदललं. ट्रेसिंग पेपरवर नुसतं ते अक्षर लिहिलं तर खालचं जुनं अक्षरही दिसत राहील आणि गोंधळ होईल. म्हणून तो सगळा चौकोन पायातून उचलून छोट्या फाइलमध्ये उतरवला जातो आणि बदल त्या उतरवलेल्या चौकोनात होतो. यापुढे तेवढा चौकोन खालून वाचलाच जात नाही. लिहायची वेळ आली तरच नक्कल करायची, असं हे तंत्र. केव्हीएमसोबत वापरल्या जाणाऱ्या क्यूकाऊ-२ प्रकारच्या फायलीत हा चौकोन एरवी ६४ केबीचा असतो, व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वतःच्या प्रकारात १ एमबीचा. म्हणून एक अक्षर बदललं तरी फाइल एका चौकोनाने वाढते.

आता पुन्हा हिशोब. सुरुवातीला पायाचे २० जीबी आणि दहा जवळजवळ रिकाम्या फायली, म्हणजे २० जीबीच्या किंचित वर. महिनाभराच्या सरावात प्रत्येक व्हीएममध्ये २ जीबी बदल झाले असं धरू. दहा गुणिले २ म्हणजे २०, अधिक पाया २०, एकूण ४० जीबी. मघाशी २२० लागत होते. प्रत तयार व्हायला एखाद-दोन सेकंद पुरतात, कारण कॉपी करायचं काही नसतंच.

रॅमची बचत मात्र यातून होत नाही. चालू असलेल्या प्रत्येक व्हीएमला तिची रॅम द्यावीच लागते. आपल्या वर्गात एका वेळी एका विद्यार्थ्याच्या दोनच व्हीएम चालू असणार. दोन्हींना दोन-दोन जीबी, म्हणजे ४. उरलेले ४ जीबी बाहेरच्या विंडोजला. ८ जीबीत काम भागतं. दहाही एकदम चालू केल्या तर यंत्र गुदमरेल.

४. स्नॅपशॉट: पायाचा गोठवलेला क्षण

पाया बदलता कामा नये, हे झालं. पण सरांना तर पाया चालू करून त्यात नवा प्रोग्रॅम घालावासा वाटेल. म्हणून पाया तयार झाला की त्याचा स्नॅपशॉट घेतात. स्नॅपशॉट म्हणजे या क्षणी डिस्क जशी आहे तशी गोठवा आणि पुढचे बदल वेगळ्या फायलीत लिहा, असा आदेश. जोडलेल्या प्रती अशा गोठवलेल्या क्षणावर बसवतात. त्यामुळे पाया पुढे बदलला तरी त्यांच्या खालचं चित्र तेच राहतं. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर दोन्हींत जोडलेली प्रत स्नॅपशॉटवरूनच निघते.

स्नॅपशॉटचा दुसरा फायदा शिकणाऱ्याला होतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रतीचाही स्नॅपशॉट घेता येतो. मग त्याने बूटची फाइल पुसली किंवा नेटवर्क पार बिघडवलं, तरी एका आदेशात यंत्र जुन्या स्थितीत परत. फुलसावंगीचं नाव ऑगस्ट २०२१मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं, ते गावातल्या एका तरुण कारागिरामुळे. त्याने यूट्यूबवर बघून स्वतःच्या हातांनी एका माणसापुरतं हेलिकॉप्टर बांधलं होतं. चाचणीत पंख्याचं पातं तुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. स्वतः करून बघण्याची अशी ओढ असलेली पोरं गावोगाव आहेत. त्यांच्या हाती चुका करायला सुरक्षित जागा देणं हे शिकवणाऱ्याचं काम. संगणकाच्या विषयात तरी ती जागा जवळजवळ फुकट मिळते.

५. स्क्रिप्ट: एकदा लिहा, शंभरदा चालवा

दहा प्रती माऊसने काढता येतात. प्रत्येकीसाठी नाव टाइप करा, जोडलेली प्रत हा पर्याय निवडा, पुढे म्हणा. चार संगणकांवर मिळून चाळीस वेळा. सातव्या वेळी नावात चूक होते, बाराव्या वेळी चुकून पूर्ण प्रत निवडली जाते आणि डिस्क भरते. शिवाय पुढच्या बॅचला पुन्हा हेच.

म्हणून स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे आपण टाइप केले असते ते आदेश क्रमाने लिहून ठेवलेली साधी मजकुराची फाइल. संगणक ती वरून खाली वाचतो आणि तसं करतो. व्हर्च्युअलबॉक्ससोबत व्हीबॉक्समॅनेज नावाचं साधन येतं. त्याचा क्लोनव्हीएम हा आदेश प्रत काढतो. त्याला चार गोष्टी सांगायच्या: मूळ यंत्र कोणतं, त्याचा कोणता स्नॅपशॉट, प्रत जोडलेली हवी, आणि तिचं नाव काय. पाचवी गोष्ट म्हणजे तयार झालेलं यंत्र यादीत नोंदवा. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये हेच काम व्हीएमरन करतो, मोठ्या सर्व्हरवर पॉवरसीएलआय, तर केव्हीएमवर क्यूईएमयू-आयएमजी.

प्रत्यक्ष आदेश रोमन लिपीत लिहावे लागतात. पण स्क्रिप्टचा सांगाडा मराठीत मांडला तर असा:

पाया = "लिनक्स-पाया"
स्नॅपशॉट = "स्वच्छ-१"
१ ते ५ या प्रत्येक क्रमांकासाठी:
    "सर्व्हर" आणि "ग्राहक" या प्रत्येक कामासाठी:
        नाव = काम + "-" + दोन अंकी क्रमांक
        या नावाचं यंत्र आधीच असेल तर: सोडून द्या, पुढे जा
        पायाच्या स्नॅपशॉटवरून या नावाची जोडलेली प्रत काढा
        प्रत निघाली नाही तर: कारण छापा आणि थांबा
        नव्या प्रतीचा "सुरुवात" नावाचा स्नॅपशॉट घ्या

नऊ ओळी. बाहेरचा फेरा पाच वेळा, आतला दोन वेळा, म्हणून यंत्रं दहा. यातल्या तीन ओळींकडे नीट बघा, कारण नवशिक्याच्या स्क्रिप्टमध्ये त्याच नसतात.

पहिली, दोन अंकी क्रमांकाची. "सर्व्हर-०१" असं लिहिलं की यादी नीट क्रमाने लागते. नुसतं १ लिहिलं आणि उद्या विद्यार्थी दहावर गेले, तर १०वा २ऱ्याच्या आधी येऊन बसतो.

दुसरी, आधीच असेल तर सोडून देण्याची. स्क्रिप्ट चालू असताना सहाव्या प्रतीला वीज गेली असं समजा. वीज आल्यावर तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. पहिली पाच यंत्रं ती ओलांडते आणि पुढचं काम करते. सहावं अर्धवट राहिलं असेल तर तेवढं आधी काढून टाकायचं. कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच आला पाहिजे, ही चांगल्या स्क्रिप्टची खूण.

तिसरी, थांबण्याची. डिस्क भरली असेल आणि स्क्रिप्ट तशीच पुढे रेटत राहिली, तर नेमकं काय बिघडलं ते शोधणं अवघड जातं. पहिल्या चुकीलाच थांबलेलं बरं.

पुढच्या बॅचसाठी हीच स्क्रिप्ट उलटी लिहायची: फेरा तोच, पण आतला आदेश यंत्र पुसण्याचा. तिथे मात्र आधी नावांची यादी छापून 'पुसू का?' असं विचारणारी ओळ जरूर घाला.

६. दहाही जण एकाच ओळखीचे

प्रती निघाल्या, चालू झाल्या, आणि विद्यार्थी सांगतात की नेटवर्क चालत नाही. प्रत म्हणजे हुबेहूब. त्यात पायाची ओळखही आली. नेटवर्कच्या कार्डाला मॅक पत्ता असतो. दोन यंत्रांचा तो एकच असेल तर एकाला पाठवलेला निरोप दुसऱ्याकडे जातो. व्हर्च्युअलबॉक्स प्रत काढताना नवा मॅक पत्ता देतो, म्हणून ही अडचण सहसा येत नाही. पण यंत्राचं नाव, लिनक्सचा यंत्र-क्रमांक आणि दूरवरून प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएचच्या किल्ल्या डिस्कवर असतात. या तिन्ही गोष्टी सगळ्या प्रतींत सारख्याच येतात.

यावरचा उपाय पायातच करायचा. स्नॅपशॉट घेण्याआधी यंत्र-क्रमांकाची फाइल रिकामी करा. आजकालचं लिनक्स पहिल्यांदा चालू होताना नवा क्रमांक स्वतः तयार करतं. एसएसएचच्या किल्ल्या पुसा आणि पहिल्या सुरुवातीला नव्या बनतील अशी व्यवस्था करा. यंत्राचं नाव स्क्रिप्टमधून द्या. विंडोजची व्हीएम असेल तर याच कामासाठी सिसप्रेप नावाचं साधन मायक्रोसॉफ्टच देतं.

७. बचत जिथून येते, धोकाही तिथूनच

जोडलेली प्रत हलकी असते, कारण ती अपुरी असते. पायाशिवाय तिला काही अर्थ नाही. नकाशा काढून घेतला तर ट्रेसिंग पेपरवर विहीर दिसेल, पण ती कोणत्या शेतात आहे ते कळणार नाही. या एका गोष्टीतून चार सवयी निघतात.

पायाची फाइल हलवू नका, तिचं नाव बदलू नका. प्रतीमध्ये पायाचा पत्ता लिहिलेला असतो. पत्ता चुकला की प्रत चालू होत नाही.

पाया फक्त वाचण्यापुरता ठेवा. प्रतीला आपला पाया माहीत असतो, पण पायाला आपल्यावर किती प्रती उभ्या आहेत, हे माहीत नसतं. व्हर्च्युअलबॉक्स स्वतःची नोंद ठेवतो आणि प्रती असताना पायाची डिस्क पुसू देत नाही. केव्हीएमच्या साध्या फायलींमध्ये असा पहारा नसतो. तिथे कुणी पाया चालू करून त्यात एक अपडेट टाकला, की वरच्या दहाही प्रतींच्या खालचं चित्र हलतं आणि त्या खराब होतात. म्हणून त्या फाइलवरचा लिहिण्याचा अधिकारच काढून टाका.

प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, अशी साखळी वाढवू नका. ट्रेसिंग पेपरवर ट्रेसिंग पेपर चढवत गेलं की खालचं दिसायला वेळ लागतो. वाचताना हायपरवायझरला प्रत्येक थर तपासावा लागतो, आणि मधला एक थर खराब झाला तर वरचे सगळे जातात. नवा अभ्यासक्रम, नवा प्रोग्रॅम आला तर नवा पाया तयार करा, "स्वच्छ-२" असा स्नॅपशॉट घ्या आणि नव्या प्रती काढा.

बॅकअप घेताना पाया विसरू नका. नुसत्या २ जीबीच्या फायली पेन ड्राइव्हवर नेल्या, तर घरी त्या उघडणार नाहीत. पाया एकदाच, पण नक्की, वेगळ्या डिस्कवर ठेवा.

यातून फायदाही निघतो. सरांनी तयार केलेला २० जीबीचा पाया एकदाच एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायचा आणि चारही संगणकांवर टाकायचा. मग प्रत्येकावर स्क्रिप्ट चालवायची. मोबाइलच्या डेटावर वीस वेळा डाउनलोड करण्याची गरज नाही. फक्त ती डिस्क फॅट-३२ प्रकारची नसावी, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करून घ्या. वीज अचानक गेली तरी पाया सुरक्षित राहतो, कारण त्यात कुणी लिहीतच नव्हतं. बिघडली तर त्या वेळी चालू असलेली प्रत बिघडेल, आणि ती काही सेकंदांत पुन्हा काढता येते. त्यातलं विद्यार्थ्याचं काम मात्र वाचवायला हवं. म्हणून त्याच्या फायली रोज वर्गाच्या शेवटी व्हीएमबाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवण्याची सवय लावा.

८. कोणती प्रत केव्हा

व्हीएमवेअरने वर्कस्टेशनमध्ये जोडलेल्या प्रतींची सोय २००५ साली दिली. २००८च्या अखेरीस तीच कल्पना कार्यालयांसाठी वापरली: शेकडो कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉप एकाच पायावर. डॉकरसारखी साधनंही थरावर थर हेच तत्त्व वापरतात. म्हणजे फुलसावंगीच्या खोलीत शिकलेलं मोठ्या सर्व्हरवरही चालतं.

निवड करताना तीन प्रश्न विचारा. यंत्रं एकसारखी आहेत का? ती थोड्या दिवसांसाठी आहेत का? आणि ती पायाजवळच, त्याच संगणकावर राहणार आहेत का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर जोडलेली प्रत घ्या. वर्ग, सराव, चाचणी या सगळ्यांना ती शोभते. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रकल्प वर्षभर चालणार असेल, त्याला आपली व्हीएम पुसदच्या महाविद्यालयात न्यायची असेल किंवा त्यात कुणाचा खरा हिशोब ठेवला जाणार असेल, तर डिस्कचे २० जीबी मोजून त्याला पूर्ण प्रत द्या. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी फक्त एक शब्द बदलावा लागतो.